सामायिक करून ट्रेडिंगला बसायचं?



गेल्या आठवड्यात व्याख्यान संपल्यावर आम्ही पाच-सहा जणी स्थानकाच्या पायरीवर बोलत उभ्या होतो. एक ताई कौतुकाने सांगत होत्या की त्यांचा मुलगा आता रोज सकाळी एक सामायिक करतो. आम्ही सगळ्यांनी अनुमोदना केली. मग त्या म्हणाल्या, "सव्वानऊला मार्केट उघडायच्या आधी करतो. त्याच्या क्लासच्या सरांनी सांगितलंय, मन स्थिर असलं की ट्रेड चुकत नाही. महिना झाला, खूप फरक आहे." आणि आम्ही परत अनुमोदना केली. मीही मान हलवली. घरी येईपर्यंत ती हललेली मान मला टोचत राहिली, म्हणून हे लिहिते आहे.

सामायिकाचे बत्तीस दोष आपण लहानपणी पाठशाळेत घोकलेत. दहा मनाचे, दहा वचनाचे, बारा कायेचे. मनाच्या दहामध्ये 'लाभार्थ' नावाचा एक दोष आहे, म्हणजे काहीतरी फायदा व्हावा म्हणून सामायिक करणं. आपल्या आचार्यांनी तो शेकडो वर्षांपूर्वी यादीत घालून ठेवला आणि आपण पायरीवर उभ्या राहून त्यालाच टाळ्या वाजवल्या. अठ्ठेचाळीस मिनिटं सावद्य योग सोडायचा, तो कशासाठी, तर एकोणपन्नासाव्या मिनिटाला अधिक चांगल्या हाताने तो करता यावा म्हणून! व्यायाम म्हणून करा, प्राणायाम करा, मला काही म्हणायचं नाही. पण त्याला सामायिक म्हणू नका.

हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. राहूसारख्या गावात आपली घरं फार नाहीत. कोणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्यांना कळतं, आणि कळूनही कोणी बोलत नाही. आमच्या घरचं बऱ्याच जणींना अर्धवट ठाऊक आहे, ते आज पूर्ण सांगते.

माझा मुलगा बी.कॉम. झाला आणि दुकानात बसू लागला. किराणा आणि थोडा गुळाचा व्यवहार. आमच्या भागात ऊस आणि गुऱ्हाळं, त्यामुळे गुळाची पारख सासऱ्यांपासून घरात आहे. त्यांचा एक नियम होता. पाणी सुटायला लागलेली ढेप आधी काढायची, भाव कमी मिळाला तरी. चांगली ढेप थांबते, खराब ढेप थांबत नाही. माझा मुलगा हे दहाव्या वर्षापासून जाणतो. पावसाळ्याच्या तोंडावर वखारीत जाऊन कोणती ढेप आधी काढायची हे तो हात लावून सांगतो.

त्याच मुलाने मोबाइलवर ऑप्शन ट्रेडिंग सुरू केलं. सुरुवात वीस हजारांनी. पहिल्याच महिन्यात अकरा हजार मिळाले, मला साडी आणली. ती साडी मी शेजारणींना दाखवली, हेही कबूल करते. नंतरच्या चौदा महिन्यांत सहा लाख चाळीस हजार गेले. गेले कसे, तर नफा दिसला की लगेच विकायचा आणि तोटा दिसला की धरून बसायचा. म्हणजे चांगली ढेप आज काढायची आणि पाणी सुटलेली वखारीत ठेवायची! दुकानात जी चूक त्याने कधी केली नाही, ती मोबाइलवर रोज केली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मम्मी, विकलं तर तोटा पक्का होतो. थांबलं तर परत येऊ शकतं."

हे एकट्या माझ्या मुलाचं वेडेपण नाही, हे मला नंतर कळलं. डॅनियल काह्नेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचं दुःख सारखं नसतं. दुःख बरंच जड असतं. ते टाळायला माणूस असा जुगार खेळतो, जो तो एरवी खेळला नसता. पुढे १९८५ मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी नफ्यातला शेअर घाईने विकण्याच्या आणि तोट्यातला कवटाळण्याच्या सवयीवर लिहिलं. म्हणजे हा खोट सगळ्यांच्याच मनात आहे. आता गूळ आणि ऑप्शन यांतला फरक बघा. ढेपेचा भाव दिवसातून एकदा-दोनदा कळतो. मोबाइलवर भाव सेकंदाला बदलतो, हिरवा-लाल होतो, आणि खाली तुमच्या नावासमोर नफा-तोटा धावत असतो. आपली जी नस कमकुवत आहे तिच्यावर दिवसभर बोट ठेवून बसलेलं हे यंत्र आहे. शिवाय विकत घेतलेला ऑप्शन हा बर्फासारखा. भाव जागेवर राहिला तरी तो वितळतो आणि एक्स्पायरीच्या दिवशी संपतो. धरून बसलेल्याला थांबण्याची सोयही नाही.

४ जून २०२४ आठवतो का? लोकसभेचा निकाल. अख्खं गाव बारामतीच्या मतमोजणीकडे डोळे लावून होतं. आदल्या दिवशी एक्झिट पोलमुळे बाजार तीन टक्क्यांहून जास्त चढला होता आणि माझ्या मुलाने त्या तेजीत महाग झालेले कॉल घेऊन ठेवले होते. निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. बाहेर गुलाल, हलगी, आणि आतल्या खोलीत हा भिंतीला टेकून बसलेला. एक लाख ऐंशी हजार एका सकाळीत. जेवला नाही. संध्याकाळी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मम्मी, साठ हजार दे. फक्त रिकव्हर करतो, मग बंद."

मी दिले. माझ्या एफडीतून, यांना न सांगता.

आपल्या आठव्या व्रतात, अनर्थदंड विरमणात, चार प्रकार सांगितलेत. त्यातला एक हिंस्रप्रदान, म्हणजे घात करणारं साधन दुसऱ्याच्या हातात देणं. आजवर मी प्रतिक्रमणात तो शब्द म्हणत होते आणि डोळ्यांसमोर विळी, कोयता, उखळ असलं काहीतरी येत होतं. माझं हिंस्रप्रदान साठ हजारांचं होतं आणि ते मी प्रेमाने दिलं. ते तीन आठवड्यांत गेले.

दुसरा प्रकार पापकर्मोपदेश. चुकीचं काम शिकवणं, त्यासाठी उत्तेजन देणं. आता मी त्या क्लासच्या सरांकडे येते. नाव लिहिणार नाही, आणि एक नाव लिहून काही होणारही नाही, कारण असे सर आता प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांचं म्हणणं असतं की ट्रेडिंग म्हणजे ऐंशी टक्के सायकॉलॉजी. तुम्ही हरलात कारण तुमच्यात शिस्त नाही, भीती आहे, हाव आहे. मन जिंका, पैसा येईल. ऐकायला अगदी आपल्या व्याख्यानासारखं वाटतं ना? क्रोध, लोभ जिंकायचे, मन स्थिर करायचं. म्हणूनच आपली मुलं पटकन फसतात. भाषा ओळखीची वाटते.

पण या बोलण्यातली लबाडी बघा. मुलगा जिंकला तर सरांची पद्धत बरोबर, हरला तर मुलाचं मन कच्चं. पद्धत कधीच चुकत नाही! आणि हरलेला मुलगा पैसे तर घालवतोच, वर स्वतःला नालायक समजू लागतो. माझा मुलगा वहीत लिहायचा, "आज परत डिसिप्लिन मोडली." वहीची पानंच्या पानं तेच. मी ती वही वाचली तेव्हा मला पैशांपेक्षा त्या वाक्याचं जास्त रडू आलं.

आता मन किती लोकांचं पक्कं निघालं ते सेबीनेच मोजलंय. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार केले. त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, आणि सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा फक्त एक टक्का लोकांना झाला. सेबीने नियम कडक केले, कॉन्ट्रॅक्टची किमान रक्कम वाढवली, आठवड्याच्या एक्स्पायऱ्या कमी केल्या. तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोक तोट्यातच, आणि त्या एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. शंभरातल्या नव्वदाहून अधिक मुलांचं मन कच्चं असतं का? की मांडणीच तशी आहे?

समोर कोण बसलंय हेही त्याच अभ्यासात आहे. २०२३-२४ मध्ये मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, आणि त्यातला जवळजवळ सगळा नफा संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनी मिळवला. त्या संगणकाला भीती नाही, भूक नाही, बहिणीच्या लग्नाचा खर्च नाही. तुमचा मुलगा सामायिक करून त्याच्यासमोर स्थिर मनाने बसणार. स्थिरतेच्या स्पर्धेत यंत्राला हरवायचंय म्हणे!

त्या अभ्यासातला मला सगळ्यात जास्त लागलेला आकडा आणखी वेगळा आहे. सलग दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी तरीही ट्रेडिंग चालू ठेवलं. याला व्यापार म्हणतात? सलग दोन वर्षं तोट्यात गेलेलं दुकान आपल्यापैकी कोणाच्या घरच्यांनी तसंच चालू ठेवलं असतं? आपल्याकडे सात व्यसनं सांगितलीत आणि त्यात पहिलं नाव जुगाराचं आहे. मांस आणि मद्याच्याही आधी. कांदा-बटाटा घरात येऊ नये म्हणून आपण केवढ्या जागरूक, आणि सातातलं पहिलं व्यसन पोराच्या खिशात चार्जिंगला लावून देतो.

इथे दोन वाक्यं नेहमी ऐकायला मिळतात. पहिलं, "आपल्या रक्तातच धंदा आहे." धंदा आहे, तसा सट्टाही आहे, हेही सांगा. कलकत्त्यात आपले मारवाडी लोक पाऊस पडेल की नाही, छतावरून पाणी वाहील की नाही, यावर पैसे लावायचे. शेवटी १८९७ मध्ये कायदा करून ते बंद करावं लागलं. मुंबईचे प्रेमचंद रायचंद आपल्याच धर्माचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या काळात ते मुंबईच्या शेअर बाजाराचे राजे झाले. युद्ध संपलं, १८६५ मध्ये बाजार कोसळला, आणि त्यांच्यासकट मुंबईची कितीतरी घरं बसली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच दानातून उभा राहिला, आईच्या नावाने. असं सांगतात की त्या माउलीला दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणाची वेळ तिला घंटेवरून कळावी म्हणून तो घड्याळाचा मनोरा. मुंबईला गेले की मी तिथे थांबते. मुलगा बाजारात सगळं घालवत असताना ती आई रोज चौविहार पाळत बसली असेल, असं आता मनात येतं. पूर्वी यायचं नाही.

दुसरं वाक्य, "हा अहिंसक धंदा आहे. माती नाही, पाणी नाही, कीटकनाशक नाही, जीव मरत नाही." हे वाक्य ऐकलं की माझा तोल जातो. ऑप्शनमध्ये एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटाच असतो, त्यातून दलाली आणि कर वजा. समोरचा पैसा कोणाच्या तरी मुलाचाच असतो. आणि मनाचं काय? मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा चालू होत्या तेव्हा नात्यातल्या एका घरी मी होते. तिथला मुलगा टीव्ही आणि मोबाइल दोन्ही बघत होता. त्याने पुट घेतले होते. "अजून दोनशे पॉइंट पडू दे, अजून काहीतरी होऊ दे," असं तो जोरात म्हणाला. काय होऊ दे, बेटा? जवान मरू दे? तो मुलगा वाईट नाही. आठ उपवास केलेला मुलगा आहे. पण त्या क्षणी तो जे करत होता त्याला आपल्या शास्त्रात रौद्रध्यान म्हणतात. आणि उरलेला दिवस, हातचं जाईल का, गेलेलं परत येईल का, हे आर्तध्यान. मुंगी वाचवायला रात्री पाणी गाळतो आणि दिवसाचे सहा तास या दोन ध्यानांत बसतो, तो धंदा अहिंसक कसा?

गैरसमज नको म्हणून सांगते, मी शेअरच्या विरुद्ध नाही. माझी स्वतःची एसआयपी चालू आहे. एखाद्या कंपनीचा भाग घेऊन वर्षानुवर्षं ठेवणं ही भागीदारी आहे. सकाळी घेऊन दुपारी विकणं ही भागीदारी नव्हे. आयकर कायदासुद्धा शेअरच्या इंट्राडे व्यवहाराला सट्ट्याचा धंदा धरतो आणि त्यातला तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा करू देत नाही. सरकारला फरक कळतो, आपल्याला कळत नाही.

आणि एक गंमत. सेबीच्याच इंट्राडेच्या अभ्यासात बायकांची स्थिती पुरुषांपेक्षा थोडी बरी दिसली. बार्बर आणि ओडियन यांनी २००१ मध्ये अमेरिकेतली खाती तपासली, तेव्हा पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त उलाढाल करत होते आणि त्या उलाढालीनेच त्यांचं जास्त नुकसान होत होतं. म्हणून आपणच सुरू करूया, असा अर्थ कृपया कोणी काढू नका! किटीमध्ये मागच्या महिन्यात 'लेडीज ट्रेडिंग बॅच'चा मेसेज फिरला, त्यावर हेच उत्तर समजा.

पुणिया श्रावकाची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार. पुण्या कातून पोट भरणारा, आणि ज्याच्या एका सामायिकाचं मोल श्रेणिक राजाच्या राज्याने होईना. त्या गोष्टीचा एक तुकडा मात्र आपण घाईने सांगून टाकतो. एक दिवस पुणियाचं मन सामायिकात लागेना. त्याने काय केलं? मन स्थिर करायची नवी युक्ती शोधली नाही. उठला आणि बायकोला विचारलं, "आज घरात काय आलंय?" तिने आठवून आठवून सांगितलं की वाटेवरच्या, आपल्या नसलेल्या गोवऱ्या उचलून आणल्या होत्या. बस, तेवढंच. मन अस्थिर होतं कारण घरात जे यायला नको ते आलं होतं. क्लासचे सर म्हणतात, गोवऱ्या राहू द्या, आपण मनावर काम करू. आणि पुणियाने प्रश्न बायकोला विचारला हेही लक्षात घ्या. घरात काय येतं हे तिला ठाऊक असतं, किंवा असायला हवं.

आम्हाला ठाऊक होतं. दिसत सगळं होतं. चौविहार करणारं घर, आणि मुलगा रात्री दोनला गिफ्ट निफ्टी बघत जागा. आधी गुरुवार, नंतर मंगळवार, म्हणजे एक्स्पायरीचा दिवस, घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. बाथरूममध्ये फोन. साडेतीननंतर एकतर बर्फी आणणार नाहीतर पुतणीवर खेकसणार. दुकानाच्या गल्ल्यात दोन-चार हजारांचा फरक. मी त्याला "टेन्शन" म्हणत राहिले. सोनं तारण ठेवल्याची पावती सापडली तेव्हा यांना सांगितलं. साठ हजारांचंही त्याच रात्री सांगितलं. हे रागावले नाहीत, नुसते गप्प बसले, ते जास्त जड गेलं. दुसऱ्या दिवशी बापलेकाने मिळून अ‍ॅपमधला फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद केला. कर्ज अजून फिटतंय. मुलगा झोपेत दचकायचा, ते पाच-सहा महिन्यांनी थांबलं. मधे एक काळ असा होता की मी त्याला एकट्याला विहिरीकडे जाऊ देत नव्हते. ज्यांच्या घरी ती भीती आहे त्यांनी लाज बाजूला ठेवून सरकारच्या टेलीमानसला, १४४१६ वर, फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आम्हाला तो नंबर उशिरा कळला.

शेवगाव तालुक्यात २०२४ मध्ये शेअर मार्केटच्या नावाने महिन्याच्या टक्केवारीवर लोकांचे पैसे घेतलेले लोक गाव सोडून पळाले, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. ते वाचून आपण म्हटलं, फसवणूक झाली बिचाऱ्यांची. आपल्या मुलांना कोणी फसवत नाही, सगळं कायदेशीर आहे, एवढाच फरक.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. स्थानकाच्या बाहेरच्या भिंतीवर जे 'युवकांसाठी मोफत ट्रेडिंग सेमिनार'चं बॅनर लागलंय, ते काढावं. आणि नफ्याच्या अनुमोदना बंद. कोणाच्या मुलाला ट्रेडिंगमध्ये पैसे मिळाले हे कौतुकाने सांगितलं गेलं तर आपण वर्षाचा हिशोब विचारायचा. वाईटपणा येईल, तो मी घेते.

आणि त्या ताईंना, ज्या हे वाचतील हे मला माहीत आहे. ताई, रागावू नका. तुमच्या मुलाने सामायिक सोडू नये, ते रात्री करावं, बाजार बंद झाल्यावर, कशासाठीही नाही असं. आणि त्याला एकदा अ‍ॅपमधलं नफा-तोट्याचं स्टेटमेंट उघडायला सांगा. महिन्याचं नको, सुरुवातीपासूनचं, सगळे खर्च धरून. एकटीने बघवणार नाही, मला बघवलं नव्हतं. शुक्रवारी माझं एकासन आहे, दुपारी मी घरीच असते. या, आपण दोघी मिळून बघू.